चौथी आलेली काजळी

रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकाम चालतं. जॉकींचे रंगीत शर्ट मीच शिवते. प्रत्येक मालकाचे रंग वेगळे, त्यामुळे घोडा कुणाचा ते मला लांबूनही कळतं. पैज मात्र जन्मात लावली नाही.

माझे जावई नवख्यांसाठी पैजांवर पुस्तक लिहीत होते. माझ्याच कापणीच्या टेबलावर जुन्या निकालांची कात्रणं पसरून बसायचे. म्हणायचे, "आई, नवखा माणूस मागच्या विजेत्यामागे धावतो आणि तोंडावर आपटतो. एका निकालावर जाऊ नये. मैदान ओलं होतं की सुकं, पाठीवर वजन किती, अंतर केवढं, ते बघावं. आणि सातत्य बघावं."

सातत्य शोधता शोधता त्यांना काजळी सापडली. मैदान कसंही असो, ही घोडी चौथीच. जुन्यात जुनी कात्रणं काढली, तिथेही चौथी.

"घोडी इतकी वर्षं पळते होय?" मी विचारलं.

"छे! काहीतरी काळंबेरं आहे. नाव तेच ठेवून घोड्या बदलत असणार."

"रंग कोणते?"

"जांभळा शर्ट, पांढऱ्या बाह्या."

माझी कात्री थांबली. तसा शर्ट मी कधी शिवलाच नव्हता.

ओळखीच्या सट्टेवाल्याला विचारलं, तर तो हसला. "मावशी, पैसे पहिल्या तिघांवर मिळतात. चौथं कोण आलं, हे कोण बघतं?"

रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. भर दुपारी कठड्याला टेकून उभे होतो. पहिले तीन घोडे धुरळा उडवत गेले. मागे मोकळी जागा होती... आणि त्या मोकळ्या जागेतून टापांचा आवाज माझ्या पुढून गेला. पायाखालची जमीन हादरली. घामेजल्या घोड्याचा वास नाकात शिरला. धूळ मात्र उडाली नाही.

फलकावर चौथा नंबर लागला. काजळीचा.

"तुम्हाला काही दिसलं?" मी हळूच विचारलं.

जावई पांढरेफटक पडले होते. "तुम्हाला नाही दिसलं? जॉकीनं वळून माझ्याकडे पाहिलं, आई. दमला होता... फार दमला होता."

ते एकटेच तबेल्याकडे गेले. परत आले ते नजर चुकवत. "छपाईची चूक आहे. सोडून द्या."

पुस्तकही सोडलं. मला वाटलं, कुणीतरी यांचं तोंड बंद केलं. पाणी कुठंतरी मुरत होतं. आणि एके दिवशी त्यांनी जांभळं कापड माझ्यापुढे ठेवलं.

"जुना शर्ट फाटलाय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"शिवा ना, आई... विचारू नका."

मापं त्यांनी तोंडीच सांगितली. बाही कापताना माझा हात थबकला. लग्नातला त्यांचा सदरा मीच शिवला होता. मापं तीच होती.

तरी शिवला मी. पोरीचा संसार डोळ्यांपुढे होता.

त्यानंतर ते माझ्याकडे फिरकेनासे झाले. रेसच्या दिवशी जातात तरी कुठं, ते शोधून काढायचंच, म्हणून एका रविवारी दुपारी मी न सांगता मुलीच्या घरी गेले.

"हळू बोल, आई," ती म्हणाली. "हे झोपलेत. रविवारी दुपारभर झोपूनच असतात आताशा."

मी आत डोकावले. भिंतीकडे तोंड करून निजले होते, खरंच. अंग घामानं निथळत होतं. धाप लागावी तसा श्वास चालला होता. दोन्ही मुठी आवळून छातीशी ओढलेल्या. मग रेसकोर्सवरचा गलका खिडकीतून ऐकू आला, आणि विरला. त्यांच्या मुठी सैल पडल्या. श्वास सावकाश झाला.

मुलीनं भिजलेली चादर त्यांच्या अंगावरून अलगद ओढून झटकली. फरशीवर केस पडले. काळे, लांब, राठ. जावयांना टक्कल आहे, आणि माझ्या लेकीचे केस मऊ, मानेपर्यंत कापलेले.

तिनं ते बोटांत धरून उजेडाकडे नेले.

"आई, हे येतात कुठून गं... दर वेळी?"