कोर्ट उठेपर्यंत

शनिवार, १७ जानेवारी २०२६. आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा. रात्री नऊला खाप्याच्या शिवारात पारा दहा अंशांवर होता.

शहरातल्या धरमपेठेतून साहिल, त्याची बहीण काजल आणि तिची मैत्रीण वैभवी हुरडा खायला रुपरावांच्या वावरात आले होते. रुपराव साहिलच्या आईचे काका. तालुक्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं पट्टेवाले होते, मागच्या मे महिन्यात निवृत्त झाले. हुरडा संपला होता आणि गोवऱ्यांची आगटी विझत आली होती. साहिलच्या बाटलीतलं पाणी पिवळसर होतं, हे रुपरावांनी केव्हाच पाहिलं होतं. सतरंजीवर पडलेल्या गाडीच्या किल्लीकडेही त्यांनी एकदा पाहिलं.

काजलने भुताची गोष्ट मागितली. रुपरावांनी काडीने निखारा उलटा केला.

"भूत होतं का नाही, ते मले अजून ठाऊक नाही. पण माणूस माह्या ओळखीचा आहे अन् जिता आहे. धर्मेंद्र नाव त्याचं."

धर्मेंद्रही शहरातलाच, प्रताप नगरचा. वय चव्वेचाळीस, विजेच्या सामानाचं दुकान, घरी बायको प्रेमिला. बेवडा म्हणावा असा नव्हे, चार जण बसले की बसणारा. ९ डिसेंबर २०२३ ला, शनिवारी, खाप्यात त्याच्या मामाच्या नातवाचं जावळ होतं. संध्याकाळी बायका घरात जेवल्या आणि पुरुषांची पंगत वावरात बसली. धर्मेंद्रने चार ग्लास घेतले. मामी म्हणाली, झोप इथंच. तो म्हणाला, चाळीस मिनिटांचा तर रस्ता आहे. अकरा वीसला त्याने गाडी काढली.

अकरा चाळीसला पाटणसावंगीच्या अलीकडे, संत्र्याच्या बगीच्याजवळच्या वळणावर, त्याला एक शिट्टी ऐकू आली. अर्धीच. मग डाव्या बाजूला दणका बसला. वीसेक पावलं पुढे जाऊन गाडी थांबली. आरशात पाहिलं, तर रस्त्यावर एक टॉर्च जळत्या उजेडासकट हळूहळू गोल फिरत होती. तो खाली उतरला नाही. डुक्कर असेल, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. आणि निघाला.

डुक्कर टॉर्च घेऊन फिरत नाही, हे त्याला तेव्हाही कळत होतं. चार ग्लासांतही कळत होतं. हे त्याने पुढे रुपरावांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी तो नाकाबंदीत सापडला. यंत्रात फुंकायला लावलं, आकडा वर गेला. डावा दिवा कशाने फुटला असं विचारल्यावर तो म्हणाला, रानडुक्कर आडवं आलं. या भागात डुकरं रोजच आडवी येतात. तसं लिहिलं गेलं. पुढे साडेतीन तास तो ठाण्यात बसून ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावत होता. एक फोन एकशे आठला लावता आला असता.

बगीच्याचा रखवालदार ताराचंद सकाळी सहाला नालीत सापडला. गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, डोक्याला तांबडा मफलर. गुन्हा अज्ञात वाहनावर दाखल झाला. डॉक्टरांनी लिहिलं, मृत्यू पहाटे चारच्या सुमारास. तिसऱ्या दिवशी दुकानात बसून धर्मेंद्रने ती बातमी वाचली. पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला. रात्री काढून पुन्हा वाचला. चारच्या सुमारास. म्हणजे तो ठाण्यात फोन लावत होता, तेव्हा ताराचंद जिवंत होता.

त्याने प्रेमिलाला सांगितलं नाही. दोनदा सांगायला गेला आणि दोन्ही वेळा भाजी काय आणू, एवढंच विचारून परत फिरला.

दारूच्या केसची तारीख २१ डिसेंबरची लागली, गुरुवारची. धर्मेंद्रने गुन्हा कबूल केला, म्हणजे पिण्याचा. पहिलीच वेळ होती. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

"म्हणजे काय, आबाजी?" वैभवीने विचारलं.

रुपरावांनी समजावून सांगितलं. साहेब दिवसाचं काम संपवून उठेपर्यंत आरोपीने कोर्टात बसायचं. साहेब उठले की पट्टेवाला येऊन सांगतो, जा. शिक्षा संपली.

साहिल हसला. "ह्यापेक्षा तर आमचे सर जास्त वेळ बसवतात."

"हाव," रुपराव म्हणाले. "मी बी असंच म्हणो."

धर्मेंद्र व्हरांड्यातल्या बाकावर बसला. सव्वादोनपासून. पाणी प्यायलाही उठला नाही. पावणेपाचला त्याने रुपरावांना हात जोडले. पुतणीचं, भूमिकाचं, लग्न ठरलं होतं. खाप्याच्या मामाला अक्षत आणि पत्रिका त्याच रात्री नेऊन द्यायची होती. मामाचं निमंत्रण पोस्टाने जात नाही. साहेब अजून आत काम करत होते. रुपरावांनी घड्याळ पाहिलं. बत्तीस वर्षांत त्यांनी अशी कितीतरी माणसं अर्धा-पाऊण तास आधी सोडली होती. पैसा कधी घेतला नाही. पाऊण तासाने काय फाशी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"जा गा," ते म्हणाले. "मागच्या दारानं जा."

धर्मेंद्र गेला. रुपराव फाइली घेऊन पुन्हा व्हरांड्यात आले, तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. डोक्याला तांबडा मफलर. गळ्यात दोरी. धोतराचं एक टोक ओलं.

त्याने हळू आवाजात विचारलं, "साहेब उठले का जी?"

"नाही अजून."

"मंग तो कसा उठला?"

रुपरावांना राग आला. तुम्हाला काय करायचं, असं म्हणून ते आत गेले. साहेब पाच वाजून वीस मिनिटांनी उठले. रुपराव बाहेर आले, तर बाक रिकामा होता.

रुपराव इथे थांबले. आगटीत काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी काडी फिरवली. साहिलने बाटली सतरंजीच्या मागे सरकवून ठेवली होती.

धर्मेंद्र खाप्याला आठला पोचला. मामाने ग्लास पुढे केला. त्याने वर पालथा हात ठेवला. मामा म्हणाला, एका दिवसाच्या कोर्टानं साधू झाला काय बे? सगळे हसले, तोही हसला. त्याला दहाला निघायचं होतं. जेवण झालं, आहेराचं बोलणं निघालं, लांबलं. गाडी काढली तेव्हा अकरा वीस झाले होते. घड्याळ पाहून तो क्षणभर दारातच उभा राहिला. मग निघाला.

रस्त्याला कोणी नव्हतं. धुकं जमिनीलगत, गुडघाभर.

बगीच्याचं कुंपण दिसलं, तसा गाडीत आवाज सुरू झाला. टिंग. टिंग. टिंग. डॅशबोर्डवर पट्टा बांधलेल्या माणसाचं लाल चित्र लागलं होतं. शेजारच्या सीटवर पत्रिकांचा उरलेला खोका होता. वजनाने वाजत असेल, म्हणून त्याने एका हाताने खोका उचलून मागे टाकला.

टिंग. टिंग. टिंग.

सीट रिकामी होती. त्याने हात लावून पाहिला. गार. वैतागून त्याने गाडी हळू केली, रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन लावून टाकला. आवाज थांबला.

थोडं बरं वाटलं. वळण आलं. त्याने डावीकडे पाहिलं नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पट्टा दिसत होता.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता.

सीटपासून वीतभर पुढे होता. गोलाई धरून. एखाद्या बारीक माणसाच्या छातीवरून जावा तसा.

इंजिन बंद पडलं. दिवे गेले; काचेतून चांदणं तेवढं आत येत होतं. त्याने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली...

पट्टा हलला. थोडा वर आला. खाली गेला. वर आला.

श्वास.

"साहेब उठले का जी?"

धर्मेंद्रचा हात दाराच्या कडीवर होता. दाराला लॉक नव्हतं, त्याला उतरता आलं असतं. पळता आलं असतं. एकदा तो पळाला होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही उठले."

"मंग तू कसा उठला?"

...

त्याने कडीवरचा हात काढला.

"दवाखान्यात नेऊ का तुम्हाले?" त्याने विचारलं. रडतच विचारलं. फोन लावला, फोनला रेंज नव्हती. पट्टा वर जात होता. खाली येत होता. धर्मेंद्र बसून राहिला. बारा वाजले. एक वाजला. थंडीने बोटं वाकेनात. दोनच्या सुमारास दोन श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं. तीनला आणखी वाढलं. तो मोजत होता. वर... बराच वेळ काही नाही... खाली. मधे एकदा त्याने म्हटलं, मी आहे इथं. एवढंच.

चार वाजून सात मिनिटांनी पट्टा खाली गेला.

वर आला नाही.

दिवे आपोआप लागले. त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली.

चार वाजून पस्तीस मिनिटांची ठाण्यातली नोंद आहे. डुक्कर नव्हतं, माणूस होता, मी मारला. गाडीचा पंचनामा झाला. त्यात एक ओळ अशी आहे, की डावीकडील पुढच्या सीटचा पट्टा लावलेल्या स्थितीत असून बकल प्रयत्न करूनही उघडत नाही.

केस दोन वर्षं चालली. तारखांना धर्मेंद्र त्याच बाकावर बसायचा. हे सगळं त्याने रुपरावांना तिथेच सांगितलं. रुपरावांनी त्याला मफलरवाल्याचं सांगायला मात्र पाच तारखा घेतल्या. ऐकून त्याने बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

ताराचंदची बायको प्रयागबाई प्रत्येक तारखेला यायची. कधी बोलली नाही. त्याचा जबाब वाचला गेला, त्या दिवशी तेवढी उभी राहिली.

"माह्या माणसाले तू डुक्कर लिहून देलं होतं?"

धर्मेंद्र खाली पाहून "हो" म्हणाला. ती बसली.

गाडी सोडवून न्यायची मुभा होती. त्याने अर्जच केला नाही. ती ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली. बॅटरी काढलेली, दारं कुलूपबंद, किल्ली मालखान्यात मोहोरबंद. दर महिन्याला कोणी ना कोणी काचेतून पाहायचं. पट्टा लावलेलाच असायचा.

"मी कितीकांले असं मागच्या दारानं सोडलं," रुपराव म्हणाले, "ते मी कुठं लिहून नाही ठेवलं."

काजलने विचारलं, निकालाचं काय झालं?

निकाल १९ नोव्हेंबर २०२५ ला, बुधवारी, दुपारी साडेतीनला लागला. दोन वर्षांची कैद. धर्मेंद्रने अपील केलं नाही. रुपराव तेव्हा नोकरीत नव्हते, तरी ते त्या बाकावर शेवटपर्यंत बसून राहिले. साहेब पाच वाजून अडतीस मिनिटांनी उठले. ठाण्यातल्या हवालदाराने सहा वाजता ताडपत्री उचलून पाहिलं. काचा बंद होत्या, दारं कुलूपबंद होती, किल्लीची मोहोर शाबूत होती. पट्टा सुटलेला होता.