कोनफळाचा मुखवटा

दुपारच्या सणाला सगळ्यांच्या पुढे जागा कशी पटकावायची, याचा बेत रोझविता आणि तिचा चुलतभाऊ आलोइस ओढ्यावर पाणी भरता भरता आखत होते. शाळेला सुट्टी होती, घाई कसलीच नव्हती. तेवढ्यात वरून लाल-पिवळी रेघ वाहत आली. दोघांनी ती ओंजळीत धरून नाकाला फासली आणि एकमेकांना कोंबडा म्हणून चिडवलं.

घरी आले तर तांबानआजोबा रिकाम्या खुंटीखाली बसलेले. यंदा त्यांचं कोनफळ माणसापेक्षा उंच निघालं होतं. दुपारी ते पलीकडच्या वस्तीतल्या देवघेवीच्या जोडीदाराला द्यायचं, आणि त्याला बांधायचा वेताचा मुखवटाच नाहीसा झाला होता. मुखवट्याविना कोनफळ देणं म्हणजे पाहुण्याला उघडं पाठवणं. शिवाय तो आजोबांच्या वारलेल्या थोरल्या भावानं विणलेला. डोळे-गाल दरवर्षी नव्यानं रंगत. कपाळावरची नक्षी मात्र भावाच्या हातची, म्हणून आजोबांनी तिला कधी कुंचला लावला नव्हता.

रोझविताला ओढ्यातली लाल-पिवळी रेघ आठवली. तिनं नाक पुसलं. दोघं ओढ्यानं वर धावले. एका दगडावर लाल ओघळ होते, शेजारी विसरलेली, सुपारीबरोबर खायच्या चुन्याची तुंबडी. मार्कुसकाकाची! तो त्याच भावाचा मुलगा.

काका मोठ्या रस्त्यावर, शहराच्या ट्रकची वाट पाहत बसला होता. मांडीवर जाळीची पिशवी, वर केळीची पानं. आलोइस झडप घालणार, तोच रोझवितानं त्याला मागे ओढलं आणि साळसूदपणे सांगितलं, की काकाच्या बागेत डुकरं शिरलीत.

"कोणाची?"

"ते सांगायला थांबली नाहीत, काका."

काकानं पिशवी आलोइसकडेच दिली, ट्रक थांबवून ठेवायला बजावलं आणि बागेकडे धूम ठोकली.

मुलींनी मुखवट्याला हात लावायचा नसतो, म्हणून पिशवी आलोइसनंच घरी आणून उघडली. आत नुसता फिकट वेत. रंगाचा ठिपकाही नाही. रोझवितानं आजोबांना ओढ्यावरचं सगळं सांगितलं. वेळीच वर पळालो असतो तर, एवढंच ती शेवटी म्हणाली.

मार्कुस धापा टाकत आला. पोरांवर डाफरणार, तोच आजोबांभोवती जमलेले वस्तीतले सगळे म्हातारे दिसले.

"शक्ती रंगात असते, तुम्हीच शिकवलंत," तो पुटपुटला. "रंग मी ओढ्याला परत दिला. नुसता वेत विकला तर बिघडलं काय?"

म्हाताऱ्यांनी तसं शिकवलं होतं खरं. तांबानआजोबांनी रंगाची करवंटी त्याच्यापुढे ठेवली.

"तुझ्या बापाच्या रेघा होत्या त्या. बस, तूच रंगव."

डोळे जमले, गाल जमले. कपाळाशी मार्कुसचा हात थांबला. चौघांनी चार नक्ष्या सांगितल्या. आजोबांना एवढंच आठवत होतं, की ती फार सुंदर होती. शेवटी कपाळ कोरंच ठेवून मुखवटा कोनफळाला बांधला.

दुपारी वस्तीच्या म्होरक्यानं दोघा मुलांना पुढे बोलावलं. थोरांनी घालवलेली लाज पोरांनी राखली, असं तो सर्वांदेखत म्हणाला. रोझवितानं मान वर केली नाही.

जोडीदार आला. दुसऱ्याच्या कोनफळाला टोमणे मारायचा त्याचा हक्क, आणि यंदाचे टोमणे तो महिनाभर घोळवत होता म्हणे. त्यानं कोऱ्या कपाळावरून अंगठा फिरवला, तांबानआजोबांकडे पाहिलं.

"आज नाही बोलत," तो म्हणाला. "उचला."

कोनफळ बांधलेल्या काठीचं एक टोक त्यानं धरलं. दुसरं मार्कुसनं खांद्यावर घेतलं, आणि वाटभर कोनफळाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.