बारावा टाका

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी थंडी अशी झोंबत होती की मंगळवार पेठेतल्या आक्काच्या लोकरीच्या दुकानात सकाळपासून नुसत्या कानटोप्या खपत होत्या. आक्का म्हणजे दुकानात तिच्या हाताखाली काम करणाऱ्या संयोगिताची आत्या. अख्खी पेठ तिला आक्का म्हणायची. दुपारी ती संयोगितावर दुकान सोपवून जेवायला घरी गेली, आणि नेमका तेव्हाच तो दारात येऊन उभा राहिला. उंच, सावळा, हेल्मेट काखेत आणि कान थंडीनं लालबुंद.

"क्रोशाची सुई मिळंल का?"

"कुणी मागवलीय?"

"मलाच पायजे."

संयोगितानं मान वर केली. या दुकानात सुई मागायला येणारा पुरुष म्हणजे बायकोनं चिठ्ठी देऊन पिटाळलेला, एवढंच तिला ठाऊक होतं. याच्या हातात चिठ्ठी नव्हती.

"येतंय का विणायला?"

"न्हाय... पर साखळ्या लई केल्यात आजपातूर."

"कसल्या?"

"चांदीच्या. हुपरीचा हाय मी, ऋतुराज. पैंजणं करतो. दर मंगळवारी गुजरीतल्या सराफांना माल द्यायला येतोय." मग जरा चाचरत त्यानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. लोकरीची साधी, चार बोटं रुंदीची कानपट्टी. "एवढंच शिकायचंय."

लोकर घेणाऱ्याला शिकवून धाडायचं, ही आक्काच्या दुकानाची रीतच होती. संयोगितानं त्याला स्टुलावर बसवलं, बोटाभोवती लोकर गुंडाळायला शिकवली आणि बारा साखळ्या घालायला सांगितल्या. त्यानं घातल्या. पण अशा आवळून घातल्या की पुढच्या ओळीसाठी त्यात सुईचं टोकसुद्धा शिरेना.

"पावणं, लोकर हाय ही. पळून जात न्हाय. एवढी आवळू नका."

"आमच्यात सैल कडी म्हणजे माल परत."

"आणि आमच्यात सैल सोडलं तरच पुढचा टाका पडतोय."

तो हसला. संयोगितानं त्याचं बोट धरून लोकर ढिली केली. बोटांवर कड्या जोडताना बसलेले डागकामाचे बारीक बारीक चटके होते आणि नखांच्या कडा काळ्या पडलेल्या होत्या. बोट सोडायला तिला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लागला... त्यानंही ते ओढून घेतलं नाही.

पुढचा आठवडा तिचं कशात लक्ष लागेना. मंगळवारी तिनं ठेवणीतला निळा ड्रेस घातला. आक्कानं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जेवायला निघून गेली.

ऋतुराज आला. मुका खांब, म्हणजे सुईला वेढा न घेता घालायचा साधा आखूड टाका, त्याला आता जमू लागला होता. मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "डोक्याचं माप आणलंय का? त्यातनं दोन इंच कमी धरायचं. लोकर ताणतीय."

"एकवीस इंच. वहिनीनं विचारून ठेवलंय."

"वहिनींसाठी करताय व्हय?"

"न्हाय न्हाय. वहिनीची बहीण हाय, कागलची. राजनंदिनी." तो खाली बघत म्हणाला. "दिल्लीला नोकरी लागलीय तिला. जानेवारीत जाणार. तिथं थंडी मरणाची. वहिनी म्हणाली, इकतचं काय देतोस, स्वतःच्या हातानं करून दे. घरात जरा... बोलणी चालल्यात."

संयोगिताच्या अंगाला निळा ड्रेस टोचू लागला. फोटो बघू म्हणाली, तर त्यानं भाबडेपणानं दाखवलासुद्धा. रंकाळ्याच्या काठावर मोकळ्या केसांची एक देखणी मुलगी उभी होती. एवढे दाट केस, की कान कुठं दिसतच नव्हते. मग हिला कानपट्टी हवी कशाला, असा खडा सवाल संयोगितानं मनातल्या मनात अख्ख्या कागल तालुक्याला विचारला.

"कुठला रंग शोभंल तिला?" त्यानं विचारलं.

संयोगिता उठली. सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात, तीन वर्षांपासून कुणी हात न लावलेला एक गुंडा होता. पिकत आलेल्या कारल्याचा रंग. तोच तिनं धूळ झटकून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हा. गोऱ्या मुलींना हाच शोभतोय."

"तुमी म्हणताय म्हंजे असंलच," म्हणून त्यानं तो घेतला.

इथवर ठीक होतं. एका वाईट रंगानं कुणाचं लग्न मोडत नाही, हे तिलाही कळत होतं. पण त्या दिवशी तीन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ओळ संपवून वळताना ऋतुराज कडेचा शेवटचा टाका सोडतोय. तो टाका जरा दडून बसतो, नवशिक्याला दिसत नाही. बाराचे अकरा झाले होते, अकराचे दहा. अशानं पट्टी निमुळती होत होत भाल्याच्या टोकासारखी संपणार होती. पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याला सांगायची गोष्ट ही. संयोगितानं तोंड उघडलं... आणि मिटलं.

तिसऱ्या मंगळवारी तो ती निमुळती पट्टी घेऊन हजर.

"हे असं का व्हायलंय?"

"हाताला सवय न्हाय तुमच्या. उसवा आणि परत घाला."

त्यानं मुकाट्यानं सगळं उसवलं. परत बारा साखळ्या, परत अकरा, दहा, नऊ. ती शेजारी बसून बघत राहिली. तो मधेच चांदीच्या गोष्टी सांगे. पैंजणाला घुंगरू कसं बसवतात, पाय न बघता नुसत्या चालण्यावरून माप कसं ओळखतात.

"माझं ओळखा बघू," ती म्हणाली.

"साडेनऊ इंच," तो सुईवरची नजर न काढता म्हणाला. "पयल्याच दिवशी बघितलंय."

तिच्या कानशिलापर्यंत ऊब चढली. आणि लगेच मनात आलं, राजनंदिनीचंही माप असंच ओळखलं असेल की यानं. संपलं, सगळा आनंद कडू.

आक्का त्या दिवशी लवकर परतली. तो गेल्यावर म्हणाली, "पोरी, टाका गाळतंय ते पोरगं. तुला दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय की."

"मग सांगत का न्हाईस?"

संयोगिता गुंडे लावत राहिली. "दुकानाचं नाव घालवू नकोस," आक्का म्हणाली.

चौथ्या मंगळवारी पट्टी परत उसवली गेली. जाताना तो म्हणाला, "फुडच्या मंगळवारी राजनंदिनीची गाडी हाय. वहिनी रोज इचारतीय, झाली का म्हणून."

पाचव्या मंगळवारी तो आलाच नाही.

संयोगितानं दिवसभर दाराकडं बघत काढला. गेला असेल स्टेशनवर सोडायला. बॅग उचलून दिली असेल. डब्याच्या खिडकीशी उभं राहून... पुढचं तिच्यानं कल्पवेना, तरी कल्पना थांबेना. जळून जळून ती थकली, आणि थकल्यावर तिला लाज वाटली. एक माणूस विश्वासानं शिकायला आला आणि आपण महिनाभर त्याला फसवत बसलो. तो परत आला तर सगळं सांगून टाकायचं, मग त्यानं पुन्हा पायरी चढली नाही तरी चालेल, असं तिनं ठरवलं. चालणार नव्हतं. तरी ठरवलं.

सहाव्या मंगळवारी मोटारसायकल दारात थांबली. ऋतुराजनं पिशवीतून तीच कारल्याच्या रंगाची पट्टी काढली. पुन्हा निमुळती.

"बसा," संयोगिता म्हणाली. ती उभीच राहिली. "एक सांगायचंय. प्रत्येक ओळीत शेवटचा टाका गाळताय तुम्ही. म्हणून पट्टी अशी होतीय. मला पहिल्यापासून दिसत होतं. मी सांगितलं न्हाय."

"का?"

"कारण... ती पट्टी पुरी झालेली मला नको होती. तिच्या डोक्याला तर मुळीच नको होती. रंगबी मुद्दाम घाणेरडा दिला. आता रागवायचं तर रागवा."

ऋतुराज पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"पैंजणात एक कडी कमी पडली तर व्यापारी अख्खा माल माघारी धाडतोय," तो शेवटी म्हणाला. "धा वर्षं कड्या मोजतोय मी. मला बारा टाके मोजायला येत न्हाईत, असं वाटलं व्हय तुम्हाला?"

संयोगिता वाकून पट्टीवरचे टाके मोजू लागली.

"पयल्या बारीला चुकलो, ते खरं. राती घरी जाऊन मोजलं तर कळलं. त्याच्या फुडं मुद्दाम गाळला. पट्टी झाली असती तर इथं यायचं काम संपलं असतं की."

"आणि राजनंदिनी?"

"तिला स्टेशनवरच सांगून टाकलं, मला जमायचं न्हाय. ती म्हणाली, बरं झालं, मलाबी नको हुतं, ताईच्या धाकानं गप बसलेली. आणि पट्टी बघून म्हणाली..." तो कान लाल करत हसला, "ह्यो रंग कुठल्या आंधळ्यानं निवडला?"

संयोगिताला हसू आवरेना, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. महिनाभर जिच्या नावानं बोटं मोडली, ती बिचारी दिल्लीत जाऊन बसली होती, उघड्या कानांनी.

"मग आज ही घेऊन कशाला आलाय?"

"इथली पायरी चढताना हातात कायतरी कारण पायजे की."

तिनं त्याच्या हातून पट्टी घेतली, सुई काढली आणि लोकरीचं टोक ओढून सगळी पट्टी सरसर उसवून टाकली. "कारण लागत न्हाय आता," ती म्हणाली. "रविवारी माझे वडील घरात असतात. घरच्यांना घेऊन या."

"आईला आणतो."

"आणा. आणि वहिनींनाबी आणा." मत्सर अजून पुरता विझला नव्हता. "मला बघायचंय त्यांना."

ऋतुराजचा चेहरा पडला. "तिच्याच बहिणीचं ठरवलेलं मोडायचं, आणि मागणी घालायला तिलाच आणायचं? घरात जेवायला मिळायचं न्हाय मला."

"मग आमच्यात जेवा की," संयोगिता म्हणाली.