निळ्या दोऱ्याचं बटण

घर बघायला गेलीस की आधी मागच्या दोऱ्या बघायच्या, असं नणंदेनं तिला बजावून ठेवलं होतं. रंग मारला की कुठलंही घर देखणं दिसतं; शेजार कसा आहे ते मात्र वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं. कोण वेळच्या वेळी कपडे काढतं, कोण खालच्यांच्या डोक्यावर पाणी गळू देतं, कुणाच्या घरात अबोला आहे. नणंद स्वतः बरीच घरं बदलून बसली होती, तेव्हा तिचं ऐकणं भाग होतं.

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला जागा कमी आणि झोपलेला जास्त पाहिला होता. त्याचं काम एका पैसेवाल्या गावात, आणि त्यांची भाड्याची जागा तिथून इतकी लांब, की घरी पोचेपर्यंत त्याच्यातलं थोडंच शिल्लक राहायचं. जेवता जेवता त्याचा डोळा लागायचा. घास हातात, तोंड उघडं. ती त्याच्या हातातला घास काढून घ्यायची आणि मनात म्हणायची, माणूस चांगला मिळालाय, फक्त चालू होत नाही. म्हणून त्या गावात घर हवं होतं. घर मिळालं की नवरा मिळणार होता.

त्या रविवारी निघायच्या घाईत त्याच्या पांढऱ्या शर्टाचं छातीवरचं बटण निघालं. पांढरा दोरा संपलेला. तिनं निळा ओवला आणि शर्ट त्याच्या अंगावर असतानाच टाके घालायला लागली. तो उभ्या उभ्या पेंगत होता. सुई जराशी लागली.

“हळू गं…” डोळे न उघडताच तो म्हणाला. मग खाली बघून हसला. “निळा? एजंटला वाटेल, यांना दोरा परवडत नाही, हे घर काय घेणार.”

एजंट घामाघूम, बोलका माणूस होता. नवऱ्याला साहेब म्हणायचा, तिला वहिनी, आणि प्रत्येक घराला सोनं. दिवसभर त्यानं त्यांना गावभर फिरवलं. एका आळीत घर छान, पण वरचे लोक सदान्‌कदा फर्निचर सरकवणारे. दुसरीकडे शाळेची घंटा थेट कानात. तिसरीकडची शेजारीण इतकी चौकस, की घर बघायला आलेल्यांचं सासर-माहेर विचारून झालं तरी तिचं समाधान होईना. उन्हं कलायला लागली तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि नवरा गाडीच्या मागच्या सीटवर घोरत होता.

“एक शेवटचं,” एजंट म्हणाला. यावेळी त्यानं सोनं म्हटलं नाही.

गल्ली शांत होती. दोन्ही बाजूंना झाडं, फाटकांना नवा रंग, रस्त्यावर पान पडलेलं नाही. पायऱ्यांवर, झोपाळ्यांवर माणसं बसली होती आणि त्यांना बघून हसत होती. तिला आधी कळेना, या माणसांत वेगळं काय आहे. मग लक्षात आलं, यांच्यातलं कुणीच दमलेलं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांखालीसुद्धा काळं नाही. लहान बाळाच्या आईचेही डोळे असे, जसं काही ती नुकतीच पोटभर झोपून उठलीय.

घर ऐसपैस होतं आणि त्यांच्या आवाक्यातलं. एजंट म्हणाला, इथल्या लोकांना गिऱ्हाईक नको असतं, शेजारी हवा असतो. त्यांनी पसंत केलं की झालं. एवढ्यात शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. गोऱ्यापान, टवटवीत. दोघांना म्हणाल्या, आत या, घटकाभर बसा, पाणी प्या. नवरा लगेच निघाला. बसायला मिळणार म्हटल्यावर तो कुठंही गेला असता. ती म्हणाली, मी मागचं अंगण बघून येते. एजंट फाटकाबाहेरच थांबला होता.

“तुम्ही नाही जात?” तिनं विचारलं.

“मी नाही जात,” तो मान पुसत म्हणाला. “कधीच नाही.”

मागचं अंगण छान होतं, मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे काकूंच्या दोऱ्या, त्यापलीकडे पुढच्या घराच्या, आणि तशाच थेट गल्लीच्या टोकापर्यंत. सगळ्यांवर कपडे होते, आणि सगळे ठिबकत होते. उतरत्या उन्हात, इतक्या उशिरा. कळकट ओला वास येत होता, धुतलेले कपडे बादलीत राहून गेले की येतो तसा. आणि कपडे होते झिजल्या कॉलरचे शर्ट, शाईचे डाग पडलेले खिसे, गुडघ्यावर फुगवटा आलेल्या पँटी, बाहीला बाळाची लाळ लागून पिवळा पडलेला गाऊन. दमलेल्या माणसांचे कपडे. पायऱ्यांवर हसत बसलेल्यांच्या अंगावर यातलं काही शोभलं नसतं.

फट्ट.

कुणीतरी ओलं कापड झटकलं. चिमटे लागल्याचा आवाज आला, टक, टक. ती वळली तर काकूंच्या दोरीपाशी कुणीच नव्हतं. नुसता एक पांढरा शर्ट हलत होता, पाणी गाळत. त्याच्या छातीवरचं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं.

तिचा हात आपोआप भिंतीवरून पुढे गेला. चिमटे काढले, शर्ट पिळला आणि पिशवीत कोंबला. मान वर केली तर काकू त्यांच्या मागच्या दारात उभ्या.

त्या रागावल्या नाहीत. “असू दे,” म्हणाल्या. “येशील तेव्हा परत घेऊन ये म्हणजे झालं.” मग मायेनं, “तू पण टेक ना गं जरा. किती दमलीस…”

ते शब्द इतके बरे वाटले की तिचा पाय भिंतीकडे निघालाच होता. तेवढ्यात नवऱ्यानं पुढच्या फाटकातून हाक मारली.

तो ताजातवाना होता. चेहरा तुकतुकीत, पांढऱ्या शर्टाला सुरकुती नाही. “काय मस्त वाटतंय,” तो म्हणाला. “घेऊन टाकू.” छातीवरच्या बटणाचा दोरा पांढरा होता.

“सकाळी मी बटण लावलं ना…” ती म्हणाली.

“कुठलं बटण?” त्यानं हसून विचारलं.

आठवडा होत आला. तो कामावरून येतो, गप्पा मारतो, भांडी घासतो. जेवताना झोपत नाही. जेवल्यावरही झोपत नाही; पहाटे तिला जाग येते तेव्हा तो कुशीवर वळून तिच्याकडे बघत असतो, प्रसन्नपणे. फोनवर नणंद म्हणाली, नशीब काढलंस. तिनं हूं केलं. आजवर तिनं जे मागितलं होतं ते सगळं समोर होतं, तेव्हा तक्रार तरी कुणाची आणि कुणाकडे करायची?

उद्या रविवार. होकार द्यायला जायचंय. तो रोज न चुकता आठवण करतो, “काकूंचा तो शर्ट पिशवीत घाल हं.”

शर्ट त्यांच्या मागच्या गॅलरीत, दोरीवर आहे. अजून ठिबकतोय. त्या कळकट वासाखाली आणखी एक वास आहे, बसमधल्या घामाचा, तिच्या ओळखीचा. आणि संध्याकाळी, नवरा पूर्वी जेवायला बसायचा त्या सुमाराला, वारा नसतानाही शर्टाची छाती सावकाश फुगते आणि खाली बसते. फुगते आणि खाली बसते.

आजही ती त्या शर्टासमोर उभी राहिली. आत तो गुणगुणत नव्या घराच्या पडद्यांची मापं काढत होता. शर्टाचं बटण पिळताना सैल पडलं होतं, एका धाग्यावर लोंबत होतं. घरात आता पांढरं रीळ होतं. तिनं निळंच घेतलं, सुई ओवली, ओलं कापड चिमटीत धरलं आणि टाका घातला.

“हळू गं…” तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं, डोळे न उघडता म्हणावं तसं.

आणि आतलं गुणगुणणं थांबलं.