एक वीत सावली

पश्चिमेच्या भिंतीला जांभ्या चिऱ्याचे चौदा थर होते, एक खिडकी होती आणि छज्जा नव्हता. आत, भिंतीला लागून लोखंडी खाट, उशाशी पाण्याचा तांब्या, पायाशी टेबलफॅन आणि खाटेवर महिपतकाका. मे महिन्याच्या त्या दुपारी भिंतीची आतली बाजू ४४.२ अंश होती. फॅन तीच हवा काकांच्या अंगावर फेकत होता.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. रत्नागिरीच्या एका महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी स्लॅबच्या घरांतली उष्णता मोजते. महिपतकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचा मुलगा हरिश्चंद्र मुंबईला असतो. त्याने कौलारू घर पाडून हे बांधलं, आणि घराबरोबर पश्चिमेची पडवीही गेली. आता भिंतीपलीकडे नुसता कातळाचा सडा, झाड नाही की झुडूप नाही. काकांना लकवा झाल्यापासून घाम यायचा बंद झाला होता. मागच्या उन्हाळ्यात ताप डोक्यात चढून ते मरता मरता वाचले. यंदा तसंच झालं तर आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या खोलीत चूल, म्हणून तिथे हलवण्यात अर्थ नव्हता.

“मने, पाऊस लागेपर्यंत बाबा टिकले पाहिजेत,” हरीदादा फोनवर म्हणाला.

“आली बंदूक घेऊन,” माझ्या हातातलं लांबून तापमान घ्यायचं यंत्र बघून सखूकाकी म्हणाली. “लेकानं पडवी पाडली, आणि आता सावली कशी करायची ते शिकवायला पोरगी धाडली.”

मी वाद घातला नाही. ऊन भिंतीला लागायच्या आधी, बाहेरच अडवलं पाहिजे. आतून पडदा लावून उपयोग नसतो, इतकं साधं ते होतं. काकीने माडाच्या झावळ्यांची झापं विणली. तिचा हात चांगला होता, वीण इतकी घट्ट की त्यातून ऊन ठिपक्याएवढंही गळत नव्हतं. भांडण झालं ते बांधताना.

“भिंतीला चिकटवून बांध,” काकी म्हणाली.

“मध्ये वीतभर जागा हवी, काकी. तापलेली हवा वरून निघून जाते. आणि दोन्ही बाजू बंद करायच्या, नाहीतर उतरतं ऊन आत शिरेल.”

तिने सुंभाची गुंडाळी खाली ठेवली. “आत नाय, भायेर नाय, अशी जागा घराला करू नये गो. तिन्हीसांजेला मी सगळीकडे दिवा फिरवते. गोठ्यात फिरवते, मोरीत फिरवते. ह्या फटीत कोन शिरणार दिवा घेऊन?”

“वीतभर तर आहे.”

“उभं ऱ्हायला तेवढी पुरते.”

मी हसले. चिव्याच्या बारीक बांबूच्या काठ्या रोवून मी माझ्या मापाने झापं बांधून घेतली. वरून आणि खालून उघडी, बाजूंनी बंद.

दुसऱ्या दिवशी भिंत ३४ अंशांवर आली. काका शांत झोपले होते. काकीने मला चहा दिला, पण कप जमिनीवर ठेवून दिला, हातात नाही.

त्यानंतर आकडा उतरतच गेला. ३२. मग ३०. मी समाधानाने हरीदादाला फोन केला, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की बाहेर सावलीतली हवा ३५ अंश आहे. नुसती सावली भिंतीला हवेपेक्षा इतकं गार करू शकत नाही. झापं वाळून खडखडीत झाली होती, म्हणजे ओलाव्याचा प्रश्न नव्हता. मी यंत्र बर्फाच्या पाण्यावर धरून तपासलं. ते बरोबर होतं.

सड्यावर दुपारचा वारा सुटला. तो समुद्राकडून येतो, त्यामुळे झापं भिंतीकडे दबायला हवी होती. ती मधोमध, खांद्याच्या उंचीवर, बाहेर फुगलेली होती.

“तो उभा आसतो,” काका आतून म्हणाले. लकव्यामुळे त्यांचे शब्द ओले, चेपलेले येत. “टेकून.”

“कोण, काका?”

“त्याला तू नको हायस.”

काकी चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही. “मी सांगितलं तवा हसलीस ना? आता हस.”

मी शिडी लावली आणि वरच्या उघड्या तोंडातून दोरीला बांधलेला तापमापक खाली सोडायला लागले. जमिनीपर्यंत आठ फूट होते. तीन फुटांवर दोरी सैल पडली. तापमापक कशावर तरी टेकला होता. मी वरून वाकून पाहिलं. खालच्या फटीतून उजेडाची रेघ दिसत होती. मध्ये काही नव्हतं.

मी दोरी किंचित हलवली. तापमापक हलला नाही. मग कोणीतरी तो सावकाश, अगदी सावकाश, वर ढकलला.

त्यावर २७.१ होतं.

मी शिडीवरून उतरले. “काकी, कोयता दे. झापं काढूया.”

“काढून जाईल तो?”

“काकांना इथे ठेवायचं नाही.”

तिने कोयता मला दिला नाही. स्वतःच बाहेर आली आणि सुंभावर घाव घालायला लागली.

“काढू नका!” काका ओरडले. “सखू, त्याला दुसरी वाट नाय! सखू!”

काकीचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेवटचा सुंभ तोडला.

झापं पुढे कोसळली. मागे कोणी नव्हतं. चौदा थर, एक खिडकी. उन्हाने भिंत लखलखीत झाली.

आतला आवाज बंद झाला होता.

आम्ही आत गेलो. काका खाटेवर उठून बसले होते. लकव्यानंतर ते कधी आपले आपण बसले नव्हते. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं होतं.

“तहान लागली,” ते म्हणाले. एकेक अक्षर स्वच्छ. “पाणी दे, सखू.”

काकी उंबऱ्यावरच उभी राहिली. तिने आत पाऊल टाकलं नाही.

“काय बघतेस? नवरा बरा झाला तुझा.”

“ह्यांनी मला नावानं कवा हाक मारली न्हवती,” काकी माझ्या कानाशी म्हणाली, “मघाशी ओरडले ती पयलीच.”

मी यंत्र त्यांच्या कपाळावर धरलं; जिवंत माणसाचा आकडा सदतीसच्या आसपास यायला हवा. २७.१. पुन्हा धरलं. २७.१. ते माझ्याकडे बघून हसत होते.

मग मी ते खाटेलगतच्या भिंतीकडे वळवलं. बाहेरून तिच्यावर पूर्ण ऊन होतं. सगळीकडे आकडा चढत होता. फक्त एका जागी, माणसाच्या उंचीएवढ्या उभ्या पट्ट्यात, तो स्थिर होता.

३६.९.