मानेवरचं बोट

"पळू नकोस, मुकुंद! पळालं की ती मागे येते म्हणे!" उत्तरा दबक्या आवाजात म्हणाली.

मे महिन्यातली भर दुपार. हुडकेश्वर रस्त्यालगतच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला, तरी चिंचेच्या वाळक्या शेंगा वर कुठेतरी खुळखुळत होत्या. टोकाला म्हाताऱ्या रुखमाबाईचं घर. दार बंद, पण फटीतून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं.

दोघं भावंडं सुट्टीत कुसुममावशीकडे नागपूरला आली होती. आल्याआल्याच त्यांनी ऐकलं, की या गल्लीतून जाणाऱ्याच्या मानेला मागून एक बोट लागतं. तेव्हा कळतही नाही! दोन दिवसांनी तिथे रुपयाएवढा लाल डाग उठतो, फोड येतात, खाजून जीव नकोसा होतो. तेरा जणांना झालं होतं, आणि सगळ्यांचा डाग मानेच्या मागे, एकाच जागी!

"रुखमाबाईच करणी करते," असं कुसुममावशीसुद्धा म्हणायची. रविवारी तिला वस्तीतून हाकलायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराचा हात मानेकडे गेला आणि ती थिजली.

"मुकुंद, बघ रे!"

मुकुंदने पाहिलं. मानेच्या मागे रुपयाएवढा लाल डाग उठला होता. "ताई... बोट!"

तेवढ्यात आतून मावशीची छोटी गोपिका रडत आली. "आई गं, किती खाजतंय!" तिच्या कमरेवर तसाच लाल डाग होता!

"पण हिचा पाय मुरगळलाय! आठ दिवसांत ही उंबऱ्याबाहेर गेली नाही," उत्तरा म्हणाली.

"म्हणजे ती घरात आली?" मुकुंद पांढराफटक पडला.

"थांब! तू रोज चारदा त्या गल्लीतून जातोस. तुला का नाही झालं?"

उत्तराने गोपिकाचा फ्रॉक उलटा केला. कमरेपाशी, डागाच्या बरोबर जागी, एक काळी खूण होती! तिने आपल्या पोलक्याची कॉलर पाहिली. तिथेही दोन ठिपके आणि एक रेघ!

"हे कपडे कुठे धुतले?"

"गल्लीपलीकडे रुपरावची नवी लाँड्री आहे ना, तिथे," मुकुंद म्हणाला. "माझे मावशी घरीच धुते. म्हणते, इतके मळके कपडे बाहेर द्यायची लाज वाटते!"

"म्हणूनच तू वाचलास, घाणेरड्या! पळ, शेजारच्या डॉक्टर गिरिधरकाकांना लाँड्रीत घेऊन ये!"

लाँड्रीत रुपराव एका काळ्या बीत तार खुपसून शर्टांवर खुणा करत होता. त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"काका, ही शाई आहे का?" उत्तराने भोळेपणाने विचारलं.

"शाईच आहे वं पोरी. एकदम पक्की!"

"मग तुमच्या मनगटावर एक ठिपका काढून दाखवा ना!"

रुपरावने झटकन हात मागे घेतला. "पागल झाली का वं?"

"का रे, रुपराव? शाईला काय भ्यायचं?" दाराआडून डॉक्टरकाका पुढे आले. त्यांच्याही मानेवर डाग होता! "बिब्बा आहे तो! जुने परीट खुणेवर चुना लावून, नीट धुऊन मगच कपडा देत. तू तेही केलं नाहीस?"

"लग्नसराईची घाई होती, डॉक्टरसाहेब. इतकं होईन असं मले वाटलं नाही."

"आणि त्या बाईवर आळ येतोय हे दिसत असून गप्प बसलास?"

रुपरावने हातातली बी खाली ठेवली.

रविवारी चिंचेखाली जमलेल्या लोकांसमोर रुपरावने सगळं कबूल केलं. डॉक्टरकाकांनी समजावलं, "बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी लगेच ओरडत नाही. एक-दोन दिवसांनी चिडते. काहींची जास्त, काहींची मुळीच नाही. म्हणून आपल्याला भूत दिसलं. या पोरांना मात्र कपडा दिसला! शाबास, पोरांनो!"

टाळ्या वाजल्या. उत्तरा मात्र रुखमाबाईच्या बंद दाराकडे बघत होती. "काका, शाबासकी नंतर. आधी तिच्या दाराशी कुणीतरी जा ना!"

कुणी हललं नाही. मग कुसुममावशी उठली. तिने कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"मी काही नाही केलं वं, बाई," आतून थरथरता आवाज आला.

"नाही केलंत, रुखमाबाई. चूक माझी आहे."

म्हातारीने दार पूर्ण उघडलं. मग दारातून बाजूला सरली.

"ऊन लय तापून राहिलं," ती म्हणाली. "पोरायले आत घेऊन ये."