डाव्या कानाला आलेला आवाज

घ्यायचा.

हे मी दुकानात शिरायच्या आधीच ठरवलं होतं. पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय. व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर हाताखाली येणं म्हणजे चैनच. शिवाय डावा कान कायमचा गेल्यापासून चार वर्षं मी गिटारला हात लावला नव्हता. बायकोने आशा सोडली नव्हती, मी सोडली होती.

"ताई, परत आलात?" जुन्या सामानाचा दुकानदार बायकोला म्हणाला.

"आम्ही पहिल्यांदाच येतोय."

"असं होय. चेहरा ओळखीचा वाटला."

"निदान तुम्हाला तरी," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

त्याने ॲम्प्लिफायरवरची चादर काढली. पिवळ्या चौकटींची, धुऊन धुऊन विटलेली. एका कोपऱ्यावर इस्त्रीचा करपट डाग.

स्पीकरचा पडदा फाटलेला. वायर मुळापासून कापलेली. मागच्या फळीचे स्क्रू कोणीतरी काढून पुन्हा घाईत बसवलेले. असल्या यंत्रातले कपॅसिटर वायर काढल्यावरही वीज साठवून ठेवतात. आधी तो साठा उतरवायचा, मगच हात आत घालायचा. ज्याला हे माहीत नसतं तो एकदाच चुकतो.

घ्यायचा. चार संध्याकाळचं काम.

आत डोकावायला वाकलो, तर डावा गाल जाळीला लागला. घरघर ऐकू आली.

डाव्या कानात.

सरळ झालो. थांबली. उजवा कान लावला. काही नाही.

"काही वाजतंय का?"

"वायरच नाही साहेब, वाजेल कसं?"

पुन्हा डावा कान लावला. घरघर. तिच्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बायकोचा आवाज, थकलेला:

"ह्यांनीच उघडला होता. वायर काढलेली होती हो, मी स्वतः पाहिली. आता घरात नको वाटतो."

"ठेवा तिथे, ताई. चादर राहू द्या." हा दुकानदाराचा आवाज, त्याच घरघरीतून.

मी वर पाहिलं. बायको चार हातांवर एक घड्याळ निरखत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

नाही घ्यायचा.

"इतका वेळ लावलात, म्हणजे आवडलाय," ती म्हणाली.

"नको म्हटलं ना."

ती दुकानाबाहेर पडली.

आठवड्याने दुपारी जेवायला आलो. खिडकीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. वर नवीकोरी चादर. पिवळ्याधमक चौकटी.

"तुमचं 'नको' मला पाठ आहे," ती आतून म्हणाली. किती दिवसांनी हसत होती. "अवजारं काढून ठेवलीत. त्याची ती कळकट चादर मी तिथेच टाकून आले."

मी जागचा हललो नाही. तरी डाव्या कानात घरघर सुरू झाली.

"आणि रागावू नका," ती म्हणाली, "इस्त्री करताना कोपरा तेवढा करपला."

मी कोपऱ्याला हात लावला. अजून गरम होता.